अर्धे फोटो आणि काट्यावरच्या काकी

रोह्यात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, त्या काकींनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं. मी पन्नास म्हणाले. काकींनी ओटीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे धान्याची पोती तोलायचा जुना लोखंडी काटा होता, खाली फळी आणि वर सरकत्या वजनाची दांडी.

"चढ गो. बॅग घेऊनच चढ."

मी चढले. मग बॅग खाली ठेवून परत चढले. काकींनी दांडीवरचं वजन एका बोटाने सरकवलं, दांडी स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबल्या आणि खडूने भिंतीवर सत्तेचाळीस लिहिलं.

"पन्नास बोललीस. तीन किलो गेलं कुठे?"

"अंदाजाने सांगितलं, काकी."

"मग अंदाजानं सांगते असं बोलायचं. खोली माडीवर हाय. पाणी सकाळी सहाला येतं. जाशील तेव्हा सत्तेचाळीसच्या खाली दिसता कामा नये, नायतर तुझी आई मला बोल लावेल."

मला सोडायला पेणहून बाबा आले होते. ते हळूच दोन पावलं मागे सरकले. त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचे एक्याऐंशी भरले, आणि आईला सांगू नकोस म्हणून त्यांनी मला निघताना बजावलं.

काकी रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत वजनकाट्यावर होत्या. मुळात ती नोकरी त्यांच्या नवऱ्याची. ते तापाचं निमित्त होऊन गेले, घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, म्हणून कंपनीने त्याच जागेवर काकींना घेतलं. फाटकाच्या आत एक खोली, समोर जमिनीत बसवलेला ट्रकचा काटा. रिकामी गाडी आत येताना तोलायची, भरलेली बाहेर जाताना तोलायची, मधला फरक तो माल. निवृत्त होईपर्यंत काकींनी एवढंच केलं, आणि एवढ्यावरच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. आत किती, बाहेर किती.

एकदा एका ट्रकचा फरक मालापेक्षा वीस किलो जास्त आला. काकींनी गाडी अडवून धरली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, एवढ्या मोठ्या गाडीत वीस किलोचं काय घेऊन बसलात. मागे गाड्यांची रांग लागली, आतून साहेबांचे फोन आले. काकी खिडकीत हाताची घडी घालून बसल्या. शेवटी ट्रकच्या केबिनमध्ये बोकड ओरडला. माल भरेपर्यंत ड्रायव्हर बाजारात जाऊन आला होता, घरी जेवण होतं त्याच्या. काकींनी बोकड उतरवला, गाडी परत तोलली, पावती दिली आणि बोकड परत चढवू दिला.

"बोकडाला माझी हरकत नव्हती," त्या सांगायच्या. "न सांगता बसला होता त्याला हरकत."

हे वेड नोकरीच्याही आधीचं होतं. काकींचं माहेर पेणच्या खाडीकडचं, वडील मिठागरावर. आगरातून मीठ निघालं की व्यापाऱ्याचा माणूस तोलायला यायचा, आणि वडिलांना काट्यावरचे आकडे वाचता यायचे नाहीत. तो सांगेल ते वजन. काकी शाळेत जायच्या आधी त्याच काट्यावर आकडे शिकल्या, आणि सात-आठ वर्षांच्या असताना एक दिवस त्या माणसाला म्हणाल्या, काका, तुम्ही बोललात ते आणि काटा बोलतो ते एक नाय. तो माणूस परत त्या आगरात आला नाही. दुसरा आला, तो मात्र काकींकडे बघून आकडा सांगू लागला.

आता निवृत्तीनंतर ट्रक नव्हते, म्हणून जे दारात येईल ते काकी तोलायच्या. सिलिंडरवाला फाटकातूनच ओरडायचा, "काकी, आज बरोबर हाय," आणि तरीही उभा राहायचा, कारण बरोबर असलं तरी ते काट्यावर दिसल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. एका गणपतीत मी काकींसाठी पेणजवळच्या हमरापूरहून मूर्ती आणली, माझ्या मामाच्याच कारखान्यातली, शाडूची. मूर्ती पाटावर ठेवायच्या आधी काकींनी हात जोडले.

"देवा, तुझ्यावर संशय नाय. विकणाऱ्यावर हाय."

आणि बाप्पाला काट्यावर ठेवलं. प्लास्टरचा असता तर हलका भरला असता. भरला शाडूचाच, पण दांडी स्थिर होईपर्यंत मामाच्या वतीने मीही हात जोडून उभी होते.

सगळ्यांत जास्त बोलबाला झाला तो काकींच्या भाचीला बघायला आलेल्या मुलाचा. कांदेपोहे झाले, मुलाच्या आईचं मुलाची उंची, शिक्षण, कंपनी, शिफ्ट सगळं सांगून झालं. काकींनी मुलालाच विचारलं, वजन किती. तो लाजत अठ्ठ्याहत्तर म्हणाला. काकींनी त्याला ओटीवर नेलं. भाचीची आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. अठ्ठ्याहत्तर भरले. काकी आत येऊन म्हणाल्या, "द्या मुलगी. खरं बोलतो." पुढे कोणी त्या मुलाच्या जाडीवर बोललं की काकी चिडायच्या. वजन किती हाय त्याला महत्त्व नाय, सांगितलेलं आणि आलेलं एक हाय का ते बघायचं, हे त्यांचं म्हणणं.

माझ्या कामाबद्दल मात्र त्यांना काडीचं कुतूहल नव्हतं. पेणच्या एका छोट्या कॉम्प्युटरवाल्याने काकींच्याच जुन्या कंपनीला गेटपासची यंत्रणा करून दिली होती, आणि ती सांभाळायला मला रोह्यात ठेवलं होतं. कामगाराने फाटकावर कार्ड लावलं की पडद्यावर त्याचा फोटो येणार, पहारेकरी फोटो आणि माणूस ताडून बघणार आणि आत सोडणार. मी राहायला आले तेव्हाच काकींनी विचारलं होतं, तू दिवसभर हाताळतेस त्या डेटाला वजन किती. मी म्हणाले, वजन नसतं. "मग ते नसल्यातच जमा," म्हणून त्यांनी विषय संपवला होता. दोन वर्षं तो संपलेलाच राहिला.

मग कंपनीने कंत्राटी कामगारांचे पास नव्याने करायचं ठरवलं. नवा कॅमेरा आला. फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाखाली खुर्ची ठेवून मी सगळ्यांचे फोटो काढले. कॅमेऱ्यात एक-एक चेहरा असा स्वच्छ दिसत होता की मीच माझ्यावर खूष होते. आणि नवे पास चालू झाले त्या सकाळी फाटकावरच्या पडद्यावर सगळे अर्धे आले.

अर्धे म्हणजे वरचे अर्धे. वर बदामाची पानं, केस, कपाळ. कोणाचं नाकापर्यंत, कोणाचं भुवयांपर्यंत, आणि त्याखाली सपाट करडा पट्टा. कायम नोकरीवाल्यांचे जुने फोटो होते ते मात्र हनुवटीसकट पूर्ण. कंत्राटी कामगारांनी याचा लगेच अर्थ लावला. "साहेबांचं तोंड पूर्ण, आमचं अर्धं. कंपनीचं कॉम्प्युटर हुशार हाय," असं एक वेल्डर रांगेत म्हणाला आणि रांग हसली.

फाटकावर नवीनच आलेले पहारेकऱ्यांचे मुख्य होते, फौजेतून निवृत्त. त्यांना सगळे सुभेदार म्हणत. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. ते मला म्हणाले, "मॅडम, माझं काम चेहरा जुळवायचं. कपाळावरून मी किती जुळवणार?" तरी त्यांनी जुळवलं. एक वही घेऊन ते प्रत्येकाचं नाकाखालचं तोंड झाकायचे आणि वरचं पडद्याशी ताडून बघायचे. एका टक्कलवाल्या फिटरला काही त्रास झाला नाही, तो रोज पहिल्या फटक्यात आत. एकाच गावातले दोन भाऊ एकमेकांच्या कार्डावर दोन दिवस आत गेले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगून गेले, कारण थोरल्याला धाकट्याचं काम झेपेना.

मी पेणला सरांना फोन केला. सर म्हणजे माझे मालक. ते म्हणाले, बंद करून चालू कर. केलं. म्हणाले, केबल बदल. बदलली. पडदा बदल. बदलला. कॅमेरा पेणला पाठव. पाठवला, तो ठणठणीत असल्याचा निरोप घेऊन परत आला. शेवटी शुक्रवारी ते म्हणाले, "सोमवारी सगळे फोटो पुसून टाक. जुन्या कॅमेऱ्याने परत काढू. आणि मग तुझंही काय करायचं ते बघू." या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला बरोबर कळला.

त्याच शुक्रवारी सकाळी सुगंधा आली होती.

सुगंधा खाडीकडच्या एका गावातून यायची, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. वीस-एक दिवस ती आली नव्हती. मी फाटकाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. तिने कार्ड लावलं. पडद्यावर बदामाची पानं आली, चापून बसवलेला भांग आला, आणि रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. त्याखाली भुवया, आणि पुढे करडा पट्टा. सुभेदारांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचं कपाळ मोकळं होतं.

"बाई, फोटो जुळत नाही," ते म्हणाले.

"माझाच हाय साहेब."

"यात कुंकू आहे."

"नवरा गेला," ती म्हणाली. "पंचवीस तारखेला."

सुभेदारांनी टोपी काढली आणि परत घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या हातात नाही बाई. कंत्राटदाराचं लेखी आणा." कंत्राटदाराने लेखी दिलं नाही. सोमवारपर्यंत पास चालू झाला नाही तर बदली बाई घेतो, एवढं सांगितलं. सुगंधा भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती कार्ड पिशवीत ठेवून बसच्या थांब्याकडे चालत गेली. तिचं नाक, ओठ, हनुवटी सगळं तेच होतं, आणि ते सगळं त्या पट्ट्याखाली होतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा काकी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. बिरड्यासाठी. सोलायच्या आधीचं आणि नंतरचं वजन भिंतीवर लिहायचं असायचं, म्हणून त्यांना मधे कोणी बोललेलं चालत नसे. मी तरी बोलले. सुगंधाचं सगळं सांगितलं. काकींचे हात थांबले.

"कुणी परत पाठवलं तिला?"

"कुणी नाही, काकी. नियमाने. फोटो अर्धाच येतो."

"उरलेला अर्धा जातो कुठे?"

"तेच कळत नाही."

"आत टाकलास तेव्हा पूर्ण होता?"

"कॅमेऱ्यात पूर्ण होता."

"आत टाकलास तेव्हा," काकी म्हणाल्या. "कॅमेऱ्याचं नाय विचारत मी. आत किती गेला?"

"फोटोला वजन नसतं, काकी." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "साइज असते. बाइट म्हणतात. फोटो जेवढा मोठा तेवढा आकडा मोठा."

काकी उठल्या. हात पदराला पुसले.

"आकडा हाय? आणि दोन वर्षं माझ्या घरात राहून तू मला सांगतेस वजन नाय?"

त्या खरोखर दुखावल्या होत्या. मग त्यांनी भिंतीवरचं मागच्या महिन्याचं सगळं ओल्या फडक्याने पुसलं, खडू घेतला आणि मधे एक उभी रेघ मारली. एका बाजूला आत, दुसऱ्या बाजूला बाहेर.

तपासायला म्हणून आणलेली सगळ्या नोंदींची प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. मी आठवडाभर केबली आणि पडदे बदलत होते, पण हा साधा प्रश्न विचारला नव्हता. साठवलेला फोटो केवढा आहे, आणि आमचा प्रोग्रॅम तो वाचून बाहेर काढतो तेव्हा केवढा असतो. मी पहिला काढला. फिटरचा.

"आत एक्क्याण्णव हजार चारशे बारा."

काकींनी लिहिलं. "बाहेर?"

"बत्तीस हजार सातशे अडुसष्ट."

"दुसरा."

"आत एक लाख चार हजार वीस. बाहेर बत्तीस हजार सातशे अडुसष्ट."

"नीट वाच गो."

"तेच आहे, काकी."

तिसरा सुगंधाचा. आत सव्वा लाखाच्या वर, बाहेर बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. चौथा तसाच. पाचवा तसाच. काकींनी खडू खाली ठेवला.

"मग तू माल बघू नको. काटा बघ."

"म्हणजे?"

"पाच गाड्या आल्या आणि पाचांचं वजन एकच आलं, तर गाड्या सारख्या नसतात. काटा अडकलेला असतो. एकदा आमच्या काट्याखाली खडी अडकलेली, सकाळपासून सगळ्या गाड्या नऊ टन. साहेब खूष, बोलले वा, काय शिस्तीत माल भरतात."

मी डाव्या बाजूचे आकडे परत एकदा बघितले. आतले सगळे पूर्ण होते. म्हणजे फोटो कुठे गेलेच नव्हते. कोणाचंही नाक हरवलं नव्हतं. आम्हीच वाचताना थोडं वाचून थांबत होतो. सोमवारी मी ते पुसले असते तर सहाशे माणसांचे धडधाकट चेहरे स्वतःच्या हाताने पुसले असते.

वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शोधायला मला अर्धा तास लागला. एका घासात जास्तीत जास्त किती घ्यायचं, याचा एक आकडा कोणीतरी कधीतरी लिहून ठेवला होता. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. जुन्या कॅमेऱ्याचे फोटो लहान, ते त्या घासात मावायचे. नवे मोठे, आणि वर बदामाच्या पानापानांनीच निम्मी जागा खाल्लेली. उरलेलं तो प्रोग्रॅम मुकाट्याने टाकून द्यायचा, चूक झाली असंही सांगायचा नाही.

"न सांगता," काकी म्हणाल्या. त्यांना बोकड आठवला असावा.

मी आकडा वाढवला. फिटर हनुवटीसकट आला. त्याला दाढी होती, हे मला आठवड्यात पहिल्यांदा दिसलं. मला नाचावंसं वाटत होतं, पण काकींनी पाचही फोटो परत तोलायला लावले. आत आणि बाहेर शेवटच्या आकड्यापर्यंत एक आल्यावरच त्यांनी भिंतीवर खालून दुहेरी रेघ मारली आणि बिरड्याला फोडणी दिली.

सरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बंद करून चालू कर."

सुगंधाला कळवायचं कसं हा प्रश्न होता. तिचा फोन नवऱ्याच्या नावावर होता आणि बंद होता. शनिवारी सकाळी मी उठले तर काकी घरात नव्हत्या. पहिल्या एसटीने त्या खाडीकडे गेल्या होत्या, तिचं घर शोधून, सोमवारी सातला ये असं सांगून दुपारी परत आल्या. येताना कोळणीकडून कोळंबी आणली होती. ती तिथेच पिशवीतल्या हातकाट्यावर तोलून झाली होती, घरी आल्यावर परत तोलली.

सोमवारी सुगंधाने कार्ड लावलं. पडद्यावर पानं, भांग, कुंकू, भुवया, नाक, आणि मग पूर्ण तोंड आलं. फोटोत ती हसत होती. नुसती ओठांत नाही, दात दिसतील अशी. सुभेदारांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या, ताई."

ती हलली नाही. खिडकीतून वाकून म्हणाली, "बघू द्या जरा."

मागे रांग होती. सुभेदारांनी पडदा तिच्या बाजूला वळवला.

"पासाच्या फोटोत कशी हसले मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी ते मला सोडायला आलेले. तुमच्या मागं उभे होते मोटरसायकल घेऊन. बोलले, फोटो काढून विमानात बसायला चाललीस काय." तिने पदर नीट केला. "तुम्हाला दिसले नसतील."

मला दिसले नव्हते. मी कॅमेऱ्यात बघत होते. मग ती आत गेली, कॅन्टीनकडे, जरा घाईने, कारण सात वाजून गेले होते.

संध्याकाळी मी हे काकींना सांगितलं. काकी ओटीच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात काही नव्हतं.

"मी कामाला लागले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझा पास व्हायला महिना लागला होता. कागद मुंबईच्या हापिसात अडकले. तवर मी ह्यांच्याच पासवर जायची."

"काकांच्या? आणि फोटो?"

"त्यांचाच. मिशा ह्या अशा." काकींनी दोन्ही गालांवर बोटं फिरवून दाखवल्या.

"मग गेटवर अडवायचे नाहीत?"

"म्हातारा होता एक गेटवर. चष्मा लावायचा. रोज पास हातात घ्यायचा. नीट फोटो बघायचा. मग मला नीट बघायचा. आणि बोलायचा, बराबर हाय, जा आत."